‘आता नको, मार्चमध्ये पाठवा’ : आरोग्य मोहिमा आखणाऱ्यांना आणि ऑनलाइन वृत्तसंपादकांना खुले पत्र

आरोग्य जनजागृतीच्या मोहिमा आखणारे अधिकारी, त्यांना साथ देणाऱ्या संस्था आणि ऑनलाइन वृत्तमाध्यमांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मणक्याच्या क्षयरोगावर लिहिलेला एक लेख मी नुकताच एका वृत्तसंकेतस्थळाकडे पाठवला. उत्तर लगेच आलं : ‘विषय चांगला आहे, पण आता नको. मार्चमध्ये पाठवा, क्षयरोग दिनाला लावू.’ अधिक विचारलं तेव्हा कळलं, की आजारांवरचा मजकूर यापुढे दिनविशेष आणि मोहिमांच्या तारखा पाहूनच घ्यायचा, असं तिथे ठरलं आहे. साथ आली किंवा एखादी प्रसिद्ध व्यक्ती आजारी पडली, तरच अपवाद. त्या संकेतस्थळाचं नाव मी घेत नाही. तिथे जे बैठकीत ठरलं, ते इतर अनेक ठिकाणी न ठरवताच चालू आहे.

हे पत्र तुम्हा दोघांना मिळून लिहिते आहे. मोहीम एक जण आखतो, बातमी दुसरा लावतो, आणि वाचकाच्या हाती शेवटी जे पडतं त्याबद्दल विचारायला गेलं तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. माझ्या धाकट्या बहिणीला मणक्याचा टीबी झाला होता. तिच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. तिची पाठ दुखायची, रात्री जास्तच. संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजन उतरत चाललं होतं. खोकला मात्र नव्हता. ती वाचणारी मुलगी आहे. आपल्याला काय होतंय हे तिने शोधून शोधून वाचलं. जिथे जिथे टीबीचं नाव आलं, तिथे पहिलं लक्षण ‘दोन आठवड्यांहून जास्त काळ खोकला’, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढंच. त्या सगळ्या मजकुराने तिला एकच सांगितलं : हा आजार तुझा नाही. पुढे पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा एमआरआय झाला आणि खचलेला मणका दिसला. मग बरेच महिने गोळ्या, पाठीला पट्टा, अंथरूण. आज ती चालते, कामावर जाते. मधले महिने तिला कुणी परत देणार नाही.

हे काही दुर्मिळ प्रकरण नव्हतं. जगभर नोंद होणाऱ्या क्षयरुग्णांपैकी साधारण १६ टक्के, म्हणजे सहांमधला एक जण, फुफ्फुसाबाहेरच्या टीबीचा असतो : मानेतल्या गाठी, फुफ्फुसाचं आवरण, मणके, आतडी, मेंदूचं आवरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि साडेबारा लाख माणसं त्याने दगावली. एवढ्या मोठ्या आकड्यातला सहावा हिस्सा म्हणजे किती घरं, याचा हिशेब तुम्हीच करा.

मोहिमेने खोकलाच का निवडला, हे मला कळतं. फुफ्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, तो आधी सापडला पाहिजे, आणि भिंतीवरच्या फलकावर एकच वाक्य मावतं. त्या निवडीशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते ती निवड जशीच्या तशी बातमी होऊन येते याच्याशी. फलकाला जागा नसते. ऑनलाइन बातमीला जागेची अडचण कधीच नसते. फलकावर जे मावलं नाही ते सांगायला बातमीदार असतो. तोही फलकच पुन्हा छापणार असेल, तर माझ्या बहिणीसारखीने कुठे वाचायचं?

मोहिमा निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही, उलट त्यांची ताकद मला माहीत आहे. तान्ह्या बाळांना पालथं न निजवता उताणं निजवा, एवढंच सांगणाऱ्या मोहिमा नेदरलँड्समध्ये १९८७ पासून, ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाल्या. बातम्यांनी तो संदेश घराघरांत नेला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण या देशांत निम्म्याहून खाली आलं. तिथे संदेश छोटा होता, पुराव्यावर उभा होता, आणि वाचणाऱ्या आईला त्याच रात्री करता येण्यासारखा होता. मोहीम आणि बातमी एकत्र आल्या की जीव वाचतात. म्हणूनच त्या निष्काळजीपणे एकत्र येतात तेव्हा मला गप्प बसवत नाही.

आता तक्रारी.

पहिली तारखांची. २४ मार्चला टीबी, १ डिसेंबरला एड्स, २५ एप्रिलला मलेरिया, २८ जुलैला कावीळ, ऑक्टोबरभर स्तनाचा कर्करोग. त्या दिवशी सगळीकडे तोच मजकूर, दुसऱ्या दिवशी शुकशुकाट. २४ मार्च ही तारीख आली ती रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये त्या दिवशी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं म्हणून. आठवण ठेवायला ती तारीख चांगलीच आहे. पण आजार तारीख पाहून येत नाही, आणि ज्याला ऑगस्टमध्ये ताप येतो त्याला मार्चची बातमी सापडत नाही.

यातला खोल तोटा असा, की ज्या आजारामागे जोरकस मोहीम नाही त्याला बातमीच मिळत नाही. सेप्सिस घ्या. जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद हाताबाहेर जाऊन अवयव निकामी होतात, ती ही अवस्था. २०१७ साली जगात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू तिच्याशी निगडित होते, असा अंदाज २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचाही एक दिवस आहे, १३ सप्टेंबर; तुमच्यापैकी कितींना ठाऊक आहे? सर्पदंशाने दर वर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत त्याला जागा मिळाली २०१७ मध्ये. मरणारे बहुतेक शेतात राबणारे. त्यांच्यासाठी फीत कापायला कुणी येत नाही, म्हणून बातमीही येत नाही.

अमेरिकेतल्या मृत्यूंची कारणं आणि बातम्यांतली जागा यांची २०१६ सालापुरती तुलना झाली आहे. तपासलेल्या कारणांत हृदयविकाराचा वाटा जवळपास ३० टक्के होता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘गार्डियन’ यांच्या मजकुरात मात्र त्याला दोन-तीन टक्के जागा होती. ज्याने माणसं रोज मरतात, ते जुनं झालं म्हणून बातमी उरत नाही.

यावर संपादकांचं उत्तर मला पाठ आहे : ‘लोक त्याच दिवशी ते शोधतात, आकडे बघा.’ आकडे मीही बघते. पण लोक शोधतात कशामुळे? तुम्ही दाखवता म्हणून. गूगलने २००८ मध्ये लोकांच्या शोधांवरून फ्लूचा अंदाज बांधणारी यंत्रणा सुरू केली होती. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. त्या हिवाळ्यात फ्लूच्या बातम्यांचा पूर आला होता आणि धडधाकट माणसंही फ्लू शोधत बसली, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. पुढे ती यंत्रणा बंद झाली. तेव्हा शोधांचा आलेख ही वाचकाची गरज आहे, असं समजू नका. त्यात तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येत असतो.

दुसरी तक्रार प्रसिद्धीपत्रकांची. मोहिमेचं पत्रक सकाळी मेलवर येतं, दुपारी ते पानावर असतं, मथळा तेवढा बदललेला. कुणाला फोन नाही, एक प्रश्न नाही. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या आरोग्यविषयक प्रसिद्धीपत्रकांची तपासणी २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केली. ४० टक्के पत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला मूळ संशोधनापेक्षा फुगवलेला होता. पत्रक फुगवलेलं असलं की ५८ टक्के बातम्याही फुगत. पत्रक संयमी असलं की हे प्रमाण १७ टक्क्यांवर येई. हा अभ्यास विद्यापीठांचा असला, तरी मोहिमा आखणाऱ्यांनी तो स्वतःला लावून पाहावा. अतिशयोक्ती बातमीदाराने केली असं म्हणणं सोपं असतं. बऱ्याचदा ती तुमच्या कागदावरच लिहून आलेली असते. आणि तुम्ही जपून लिहिलंत तर बातमीही जपून येते, ही त्यातली दिलासा देणारी बाजू.

तिसरी आकड्यांची. तपासणी मोहीम झाली की रुग्ण जास्त सापडतात, कारण शोधले जातात. दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘आजाराचा विळखा वाढला’. आजार वाढला की शोध वाढला, हे बातमीत कुठेच नसतं. उलटंही तितकंच घातक. २०१९ मध्ये जगात ७१ लाख नव्या क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती ५८ लाखांवर आली. टीबी घटला नव्हता; कोविडच्या काळात दवाखाने, चाचण्या, प्रवास सगळं अडलं होतं, आणि त्या वर्षी क्षयाने होणारे मृत्यू वाढले. नुसता नोंदींचा आकडा दिला असता तर वाचकाने ती खुशखबर समजली असती.

चौथ्या तक्रारीवर मला जरा थांबायचं आहे, कारण इथे हेतू चांगले असूनही माणसांना इजा झाली आहे. ‘लवकर तपासा, जीव वाचवा’ हे वाक्य काही कर्करोगांबाबत खरं आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी प्रत्येक पात्र बाईला मिळावी, असंच मी म्हणेन. पण ते वाक्य प्रत्येक आजाराला चिकटवता येत नाही. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्यात नव्हतं. पण तपासणीला आलेल्यांना थोडे जास्त पैसे देऊन गळ्याची सोनोग्राफी करून घेता येई, आणि लवकर निदानाचा गजर सगळीकडे चालूच होता. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्या एका वर्षात ४० हजारांहून जास्त जणांना ‘तुम्हाला कर्करोग आहे’ असं सांगितलं गेलं. मृत्यूंचं प्रमाण? जिथल्या तिथे. आयुष्यभर काही त्रास दिला नसता अशा बारीक गाठी शोधून काढल्या गेल्या होत्या. बहुतेकांच्या ग्रंथी काढल्या, म्हणजे जन्मभर रोज गोळी. काहींचा आवाज गेला, काहींचं कॅल्शियम कायमचं बिघडलं.

मग २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी एकत्र येऊन, निरोगी माणसांनी ही सोनोग्राफी करू नये, असं जाहीरपणे सांगितलं. माध्यमांनी ते उचलून धरलं, आणि पुढच्या वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. तुमच्या हातात किती ताकद आहे, हे सांगायला मला याहून मोठा दाखला सापडत नाही. मग आज तपासणी शिबिराच्या बातमीत ‘या तपासणीने कुणाला फायदा, कुणाला नाही, आणि चुकीचा अहवाल आला तर पुढे काय’ एवढ्या तीन ओळी का नसतात?

प्रसिद्ध व्यक्तींच्या आजाराचंही हेच. कर्करोगाचा धोका वाढवणारं बीआरसीए हे सदोष जनुक आपल्यात आहे म्हणून स्तन काढून घेतले, असं हॉलिवूडच्या अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी मे २०१३ मध्ये लिहिलं, तेव्हा पुढच्या पंधरा कामाच्या दिवसांत अमेरिकेत त्या जनुकाच्या चाचण्या ६४ टक्क्यांनी वाढल्या. त्यांनी धैर्याने आणि नेमकेपणाने लिहिलं होतं. तरी नंतरच्या पाहणीत दिसलं, की चारांतल्या तिघांना ती गोष्ट ठाऊक होती पण जोली यांचा धोका सर्वसामान्य बाईच्या तुलनेत किती होता हे समजण्याइतकी माहिती दहांतल्या एकाकडेही नव्हती. बातमी पोचली, समज पोचली नाही. मोहिमेचं यश मोजताना तुम्ही ‘किती लोकांपर्यंत पोचलो’ एवढंच लिहिता, तेव्हा हा फरक तुमच्या अहवालातून गळून जातो.

पाचवी तक्रार पैशांची. मोहीम कोण चालवतं, हे वाचकाला कळायलाच हवं. ऑक्टोबरचा स्तनकर्करोग जनजागृती महिना अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झाला, तो अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि आयसीआय या कंपनीच्या औषध विभागाने मिळून. त्याच कंपनीचं टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. म्हणून तो महिना वाईट ठरत नाही, आणि टॅमॉक्सिफेनने असंख्य बायकांना आयुष्य दिलं आहे. पण वाचकाला हे माहीत असण्याचा हक्क आहे. २००३ पासून ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने पाय अस्वस्थ होण्याच्या विकाराबद्दल जागृती सुरू केली आणि २००५ मध्ये त्यावर कंपनीच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या काळातल्या वृत्तपत्रीय मजकुराचा अभ्यास २००६ मध्ये आला : विकार आहे त्याहून सार्वत्रिक दाखवलेला, औषधाचे दुष्परिणाम बहुतेक ठिकाणी गायब. त्या विकाराने खरोखर हैराण झालेली माणसं आहेत, त्यांना उपचार मिळालेच पाहिजेत. आक्षेप आहे तो जाहिरात बातमीच्या वेषात आणण्याला.

सहावी तक्रार भीतीची. मास्क लावलेला, खंगलेला, अंधारात बसलेला रुग्ण. टीबीच्या बातमीला हाच फोटो. एचआयव्हीच्या बातमीत अजूनही ‘जीवघेणा’ हे विशेषण. नियमित उपचारांनी रक्तातल्या विषाणूचं प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतकं खाली आलं, आणि तसंच राहिलं, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे मोठ्या अभ्यासांनी सिद्ध झालं आहे. २०१६ पासून त्यावर स्वतंत्र जागतिक मोहीम चालू आहे. ही बातमी किती जणांचं जगणं हलकं करील! १ डिसेंबरच्या मजकुरात ती शोधावी लागते.

आणि एक छोटी, पण ऑनलाइन माध्यमांचीच म्हणावी अशी गोष्ट. मोहीम संपते, पान राहतं. बंद पडलेला मदत क्रमांक, बदललेली उपचारपद्धती, जुने निकष, सगळं तसंच. शोधणाऱ्याला वर तेच दिसतं, आणि तारीख तळाशी बारीक अक्षरांत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मोहिमा आखणाऱ्यांनी प्रत्येक प्रसिद्धीपत्रकात, हा संदेश कुणाला लागू नाही आणि त्यातून काय सुटलं आहे, हे स्पष्ट लिहावं. टीबीच्या पत्रकात खोकल्याइतक्याच ठळकपणे, खोकला नसतानाही टीबी असू शकतो, हे यावं. तपासणीचं आवाहन असेल तर फायद्यासोबत तोटा आकड्यांत द्यावा : हजार जणांना तपासलं तर किती जणांचा जीव वाचतो, किती जण विनाकारण पुढच्या चाचण्यांत अडकतात. पैसा कुणाचा, हे पत्रकाच्या वरच्या भागात असावं. आणि मोहिमेनंतर लोकांना काय समजलं, हे तपासून ते निष्कर्ष जाहीर करावेत, फसले असतील तरी.

संपादकांनी आजारांच्या मजकुराचं नियोजन दिनविशेषावरून न करता, कोणत्या आजाराने किती माणसं आजारी पडतात आणि मरतात ते समोर ठेवून करावं. दिनविशेषाला मजकूर जरूर घ्या, पण त्या दिवसापुरताच घेऊ नका. पत्रकावरून केलेली बातमी ‘प्रसिद्धीपत्रकावरून’ असं सांगूनच लावा, आणि मोहिमेशी संबंध नसलेल्या एका तरी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय लावू नका. रुग्णसंख्या वाढली किंवा घटली असं लिहिताना किती चाचण्या झाल्या, तो आकडा शेजारी द्या. प्रायोजित मजकुरावर तसं मोठ्या अक्षरांत लिहा. लक्षणं, उपचार आणि मदत क्रमांक देणारी जुनी पानं ठरावीक मुदतीने तपासा. जी तपासता येणार नाहीत, त्यांच्या माथ्यावर ‘ही माहिती जुनी आहे’ असं लिहा.

तुम्हा दोघांकडे मिळून एक मागणी आहे. मोहिमेचा मजकूर तयार होत असतानाच त्या आजारातून गेलेल्या माणसांना समोर बसवा, आणि फोटो काढायला बोलावण्याआधी त्यांना एकच विचारा : तुम्ही आजारी होतात तेव्हा काय वाचायला मिळायला हवं होतं? माझी बहीण अशा बैठकीला यायला तयार आहे.

यातलं काय मान्य आहे, काय शक्य नाही आणि का, हे तुम्ही जाहीरपणे लिहावं. जे शक्य नाही म्हणाल, त्यावर बोलायची माझी तयारी आहे.

आपली,
आरोग्यविषयक लेखन करणारी एक वाचक